मंजूर झालेले डॉलर

मानेसरच्या त्या कारखान्यात खंडेराव काटकरला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. हरियाणवी पोरं ‘फौजी’ म्हणत, बिहारी पोरं ‘फौजी चाचा’ म्हणत. तो दोन्ही हाकांना ओ देई, आणि ओ देताना त्याची पाठ नकळत ताठ होई. हवालदार म्हणून पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण फौज काही त्याच्या अंगातून निघाली नव्हती. शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटची. तिथून गावी परतायचं सोडून तो इकडे आला, कारण गावात त्याच्या कानाला ऐकण्याजोगं यंत्र उरलं नव्हतं.

ऐकण्याजोगं म्हणजे काय, तर त्याची गोष्ट अशी. माण तालुक्यातल्या त्याच्या गावात शेजारच्या मळ्यात एक डिझेल इंजिन होतं. पोरगा असताना खंडेराव बांधावर पडून ते इंजिन ऐकत असे. विहिरीत पाणी असलं की आवाज जड यायचा, भरल्या पोटाच्या बैलासारखा. पाणी संपत आलं की आवाज हलका व्हायचा, आणि इंजिन नुसती हवा ओढायला लागलं की त्या पोराला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. तो ओरडत पळायचा, बंद करा, बंद करा. एवढ्या एका कानावर त्याने फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, आणि त्याच कानावर इथं नोकरी मिळाली.

कारखान्यात ट्रकचे डिझेल पंप बनत. इंजिनाला थेंब थेंब मोजून डिझेल पाजणारं हे यंत्र. ते बिघडलं की बाकीचा ट्रक कितीही धडधाकट असो, जागचा हलत नाही. तयार झालेला प्रत्येक पंप शेवटी खंडेरावच्या बेंचवर येई. तो पंप फिरवी, काचेच्या नळ्यांत डिझेल किती पडतं ते बघे, आणि मग डोळे मिटून ऐके. त्याने मान हलवली की पंप खोक्यात जाई. त्याच्या हातून गेलेला पंप परत आला, असं झालं नव्हतं. निदान तो तसं सांगत असे आणि कुणी त्याला खोडून काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात, दिवाळीचा धूर अजून हवेतून गेला नव्हता तेव्हा, त्याच्या बेंचपाशी एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस येऊन उभा राहिला. लिंबानी त्याचं नाव. आफ्रिकेच्या आतल्या अंगाला, समुद्र न लागलेला एक देश आहे, तिथून तो आला होता. तिथल्या डोंगरात चहा पिकतो. चहा पिकवणाऱ्या लहान लहान शेतकऱ्यांची एक सोसायटी होती, सोसायटीचे ट्रक होते, आणि लिंबानी त्या ट्रकांच्या वर्कशॉपचा फोरमन होता. ट्रक हिंदुस्थानी, म्हणून पंपही हिंदुस्थानातलेच लागत. निम्म्याहून जास्त ट्रकांचे पंप म्हातारे झाले होते. सोसायटीने त्याला पाठवलं होतं, नवे पंप नीट तपासून घे आणि माल जहाजावर चढवूनच ये.

खंडेरावने त्याच्यासमोर एकेक पंप फिरवला. लिंबानीनेही डोळे मिटले. दोघांनी एकाच क्षणी मान हलवली, आणि तिथंच त्यांची गाठ पडली.

“लिंबाजी,” खंडेराव म्हणाला, “तू आमच्यातला आहेस.”

“लिंबानी,” तो म्हणाला.

“तेच ते.”

पुढे दोघं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत. लिंबानी हिंदी कॅन्टीनमध्ये शिकला, त्यामुळे त्याला शिव्या आधी आल्या आणि व्याकरण कधीच आलं नाही. खंडेरावला तो ‘उस्ताद’ म्हणू लागला. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि म्हाताऱ्याच्या आत काहीतरी गोड वितळलं.

पंप पेटीत भरले गेले. पेटीवर सोसायटीचं नाव रंगवलं. आणि पेटी तिथंच राहिली.

एक्स्पोर्टचं काम बघणारा नीरज नावाचा तरुण मॅनेजर होता. गुरगावहून स्वतःच्या गाडीने येई, सगळ्यांशी गोड बोले. त्याने लिंबानीला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, “डॉलर आले नाहीत.”

“आमचे पैसे आमच्या बँकेत भरलेत,” लिंबानी म्हणाला. “पूर्ण भरलेत.”

“तुमच्या नोटा. त्या तुम्ही इथं ट्रक भरून आणल्यात तरी मी त्यांचं काय करू? आम्ही बाहेरून पोलाद आणतो, बेअरिंग आणतो, त्यांना डॉलर मोजतो. तुमची बँक तुमच्या रिझर्व बँकेकडून डॉलर घेईल, आम्हाला पाठवेल, पेटी हलेल. तोवर मालक हलू देणार नाहीत. यात माझं काही नाही, भाई.”

खंडेरावला हे पटेना. संध्याकाळी शेअर ऑटोतून काशन गावाकडे जाताना तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याची खोली काशनमध्ये होती, आणि लिंबानीलाही त्याने त्याच चाळीत वरच्या मजल्यावर खोली मिळवून दिली होती.

“तुमच्याकडे पैसे आहेत, आणि तरी तुमच्याकडे पैसे नाहीत. हे काय गौडबंगाल?”

“पैसे आहेत. डॉलर नाहीत.”

“मग रुपयांत द्या.”

“रुपये घ्यायलाही आधी डॉलर लागतात, उस्ताद.”

“मग छापा की.”

“ते अमेरिकेत छापतात,” लिंबानी म्हणाला, आणि ऑटोतली सगळी माणसं हसली.

जेवायला तो खाली येई. खंडेरावची बायको द्वारका बाजरीची भाकरी थापे, आणि लिंबानी ती त्याच्या देशातल्या मक्याच्या घट्ट उकडीसारखी बोटांनी मोडून कालवणात बुडवून खाई. द्वारकाला त्याचं खाणं बघायला आवडे. तिचा मुलगा परीक्षित पुण्यात नोकरीला होता आणि फोनवर सुद्धा घाईत असे. समोर बसून सावकाश जेवणारं माणूस घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

एकदा तिने त्याला सगळं नीट सांगायला लावलं. त्याने सांगितलं. त्यांच्या देशातून बाहेर जाण्यासारखं फार थोडं आहे. तंबाखू आहे, चहा आहे. ते विकून जे डॉलर येतात त्यातून डिझेल, खत, औषधं, यंत्रं, सगळं बाहेरून आणायचं. पाऊस चुकला, भाव पडला की डॉलर आटतात. आटले की बँकेपुढे रांग लागते.

द्वारकाने भाकरी उलटली. “म्हणजे चहा बंदरावर न्यायला ट्रक पाहिजे. ट्रकला पंप पाहिजे. पंपाला डॉलर पाहिजे. आणि डॉलर चहा गेल्याशिवाय येत नाहीत.”

“हो, भाभी.”

“मग याला तोंड कुठून लावायचं?”

“देवाला विचारायला हवं,” लिंबानी म्हणाला. “पण त्याच्याकडेही डॉलर नसावेत.”

खंडेराव हसला नाही. त्याला एक्क्याण्णव साल आठवलं. तो तेव्हा नुकता भरती झालेला रंगरूट होता. आपल्या देशाची तिजोरीही तेव्हा तळाला गेली होती, सोनं विमानात घालून परदेशी गहाण ठेवलं होतं, असं पुढे वर्तमानपत्रात छापून आलं. रंगरुटाला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं होतं की बाहेरून येणारे सुटे भाग येईनासे झालेत, आणि वर्कशॉपमध्ये सुभेदार साहेब सांगतायत, घाबरू नका, एक गाडी खोला आणि दुसरी चालवा.

फौजेत याला नियम आहे. चालू गाडीसाठी बंद गाडीचे भाग काढायचे, ते केव्हा? मागणी वर गेलेली असेल, तिच्यावर मंजुरीची सही झालेली असेल, तेव्हाच. सही झाली म्हणजे माल येणार. उशिरा येईल, पण येणार. आणि खंडेरावच्या सगळ्या नोकरीत तो आला होता. बर्फातून आला, पुरातून आला, एकदा खेचरावरून आला. सहीवर त्याचा जो विश्वास होता, तो देवळातल्या देवावर नव्हता.

म्हणून, नाताळच्या आधी लिंबानी वरच्या मजल्यावरून धडाधड जिने उतरत आला आणि त्याने फोन पुढे केला, तेव्हा खंडेरावने तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या रिझर्व बँकेने डॉलर मंजूर केले होते. पेटीचे पूर्ण डॉलर.

“झालं की,” खंडेराव म्हणाला. “आता पेटी गेल्याशिवाय मी तुला मानेसरच्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. हा खंडेराव काटकरचा शब्द.”

द्वारकाने गूळ हातावर ठेवला.

तिकडे त्याच दिवसांत चहाचा हंगाम सुरू झाला. पाऊस चांगला होता, डोंगर हिरवा झाला होता, पानं खुडली जात होती, कारखान्यात चहा तयार होऊन पोती चढत होती. आणि ट्रक एकामागून एक बसत होते. लिंबानीचा मदतनीस रोज फोन करून नवी दुखणी सांगे. लिंबानीचा जेवणावरचा हात थांबे.

“खोल,” खंडेराव म्हणाला.

“काय?”

“सगळ्यात वाईट गाडी कोणती? ती खोल. तिचा पंप धड नसेल, पण नोझल धड असेल, स्टार्टर असेल. एकीचं काढ, दुसरीला लाव. मंजुरी आलीय. पंप पोचले की सगळ्या पुन्हा भरून घे.”

मग जे सुरू झालं त्यासारखं सुख खंडेरावने पेन्शनीत निघाल्यापासून भोगलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आला की तो फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसे. पडद्यावर लांबचं ते आवार दिसे. लाल माती, ओळीने उभे ट्रक, मागे ढगाला टेकलेला डोंगर. पोरं इंजिनात डोकं घालून उभी राहत. खंडेराव सांगे, लिंबानी त्यांच्या भाषेत करून सांगे, आणि हजारो कोसांवर एक पाना फिरे. इंजिन सुरू झालं की खंडेराव हात वर करून सगळ्यांना गप्प बसवी, डोळे मिटून ऐके. आवाज जड आला की मान हलवी. तिकडची पोरं त्याला सलाम ठोकत. द्वारका चुलीपाशी बसून म्हणे, “जनरल साहेब, जेवायला चला.” तो जेवणावर बसूनही बोलतच असे.

त्याने त्यातला एक व्हिडिओ कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. एका बाजूला उघडे पडलेले ट्रक, दुसऱ्या बाजूला धूर सोडत निघालेला एक ट्रक, आणि कोपऱ्यात चौकटीत खंडेरावच्या मिशा. पोरांनी भरभरून अंगठे दिले. नीरजने लिहिलं, “वाह फौजी.” आणि तोच व्हिडिओ त्याने त्या देशातल्या आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिला, की बघा, आमची कंपनी माल विकून मोकळी होत नाही. खंडेरावला हे कळलं तेव्हा त्याला अभिमानच वाटला.

नव्या वर्षात एका रविवारी दोघं मेट्रोने करोल बागेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं तिथं गल्ल्या भरून आहेत. काही नोझल, काही स्टार्टरचे भाग जुन्यात मिळाले तर लिंबानीच्या देशातला एक विद्यार्थी सुट्टीला घरी चालला होता, त्याच्या बॅगेतून पाठवता येणार होते. लिंबानीकडे खाण्याराहण्यासाठी दिलेले थोडे डॉलर होते. ते बदलायला ते एका पैसे बदलणाऱ्याकडे शिरले.

लिंबानीने आधी खिशातून आपल्या देशाची एक नोट काढली. गंमत म्हणून म्हणा, आशेने म्हणा. पैसे बदलणाऱ्याने ती उलटीसुलटी केली.

“चित्र फार छान आहे,” तो म्हणाला. “मासा आहे का हा?”

आणि त्याने ती परत दिली. मग डॉलर निघाले. तेव्हा त्याने आतल्या माणसाला खुर्च्या आणायला सांगितल्या.

सामान घेऊन झालं तेव्हा लिंबानीकडे महिन्याभराच्या भाड्यापुरतंही उरलं नव्हतं. परतताना मेट्रोत तो म्हणाला, “त्या नोटेसाठी माझा बाप आठवडाभर पानं खुडतो.”

“येतील डॉलर,” खंडेराव म्हणाला. “मंजूर आहेत.”

पण ते येत नव्हते. लिंबानी रोज सकाळी नीरजच्या दारात उभा राही. नीरज मान हलवी. तिकडून निरोप आला की मंजुरी कायम आहे, पण आधी डिझेलचं जहाज सोडवायचं आहे, मग हॉस्पिटलांची औषधं, मग खत. मंजुरी रद्द केली असती तर लिंबानीला रडता तरी आलं असतं. कुणी काही रद्द करत नव्हतं. जे मंजूर झालं होतं ती रांगेत उभं राहायची परवानगी होती, आणि रांग हलत नव्हती.

एका संध्याकाळी तो खाली आला, पण जेवायला बसला नाही. “चेअरमनचा फोन होता. ते विचारतायत, आता थांबायचं का? उरलेल्या गाड्या आहेत तशा झाकून ठेवतो म्हणतात. पंप आले की त्या लगेच चालू होतील. ज्या खोलल्यात त्यांना आता नुसता पंप पुरणार नाही, उस्ताद. त्यांना सगळंच लागेल. आणि ते सगळंही डॉलरमध्ये.”

“आणि चहा? तो थांबेल का झाडावर?”

“नाही. पान जून होतं.”

“मंजूर आहेत ना डॉलर?”

“आहेत.”

“मग भितोस काय? मी उभी हयात असंच काम केलंय. खोल.”

द्वारका म्हणाली, “अहो, त्यांच्या गाड्या आहेत. त्यांना ठरवू द्या.”

“तुला यातलं कळत नाही.”

लिंबानीने फोन लावला. त्याच्या भाषेतले शब्द खंडेरावला समजले नाहीत, पण मधे एक शब्द ‘उस्ताद’ असा होता, तो समजला. तिकडे त्यांनी झाकायला काढलेल्या ताडपत्र्या बाजूला ठेवल्या आणि पाने उचलले.

हंगामाचा भर ओसरायच्या आत ते आवार बघवेनासं झालं. ट्रकांची ओळ तशीच होती, पण तोंडं उघडी, आत पोकळ. पावसाने आतून गंज धरला. एक ट्रक चालत होता, मग तोही चढणीवर थांबला आणि त्याला लावायला कुठल्याच ट्रकात काही शिल्लक नव्हतं. पोती कारखान्याच्या ओसरीत रचली गेली, ओसरी भरली तेव्हा बाहेर रचली गेली, आणि ढगाखालच्या त्या डोंगरात ओल चहात शिरली. फोन आता पिठाच्या डब्याला टेकलेला नसे. लिंबानी वरच्या खोलीत एकटाच बोले, आणि वरून आवाज आला की द्वारका खालचा रेडिओ बंद करी.

“तुम्हाला उस्ताद म्हणवून घ्यायचं होतं,” ती एकदा म्हणाली.

होळीच्या आधी नीरजने खंडेरावला बोलावलं. “फौजी, ती आफ्रिकेची पेटी. नाव बदलायचंय. पुन्हा एकदा सगळे पंप बेंचवर घ्या, नव्या पार्टीचं नाव रंगवा, उद्या निघेल.”

“डॉलर आले?”

“आले. पण सोसायटीचे नाहीत. त्याच देशातला दुसरा माणूस आहे, ट्रकवाला. त्याचं खातं दुबईत आहे. परवा बोलणं झालं, काल पैसे जमा.”

“ते पंप लिंबानीचे आहेत.”

“पंप ज्याचे डॉलर आले त्याचे.”

“सर, त्यांची मंजुरी झालेली आहे. मी शब्द दिलाय.”

नीरज चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. “फौजी, ऐका. तुमची मागणी मंजूर करणाऱ्या साहेबाच्या मागे एक अख्खा देश उभा होता, आणि त्या देशाकडे गहाण ठेवायला का होईना, सोनं होतं. यांच्याकडे काय आहे? चार महिने ती पेटी माझी जागा अडवून बसलीय.” मग तो हसला. “खरं सांगू का, हे गिऱ्हाईक तुम्हीच आणलंत. तुमचा तो व्हिडिओ. त्याने बघितलं की सोसायटीचे ट्रक उघडे पडलेत, आता त्या डोंगरातला चहा वाहायला कुणी नाही. म्हणून त्याने पंप मागवले. मालक खूष आहेत तुमच्यावर. होळीला मिठाईचा डबा वेगळा मिळेल, नक्की.”

खंडेराव बाहेर आला. नोकरी सोडावी असं त्याच्या मनात आलं. काशनच्या खोलीचं भाडं मनात आलं, द्वारकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन मनात आलं. आणि आणखी एक गोष्ट मनात आली ती अशी, की बेंचवर तो नसला तर दुसरं कुणी बसेल, ते नीट ऐकणार नाही. यातलं कुठलं कारण खरं होतं हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तो बेंचवर गेला. त्याने एकेक पंप फिरवला, डोळे मिटले, ऐकला. एकाचा आवाज किंचित हलका आला, तो त्याने बाजूला काढून दुरुस्त केला. ज्याने लिंबानीचं जेवण पळवलं होतं त्याला खराब पंप जावा, एवढंही त्याच्या हाताला जमलं नाही.

लिंबानी बेंचच्या पलीकडे येऊन उभा राहिला तेव्हा पेटीवर नवा रंग अजून ओला होता.

“तुला सांगणार होतो,” खंडेराव म्हणाला.

“मला माहीत आहे. त्या माणसाचा मला फोन आला होता.” लिंबानीने रंगाकडे बघितलं, हात लावला नाही. “त्याला फिटर पाहिजे. पंप बसवायला. माझं तिकीट त्याने काढलंय.”

“तू त्याच्याकडे जाणार?”

“सोसायटी आता ट्रक विकतेय. वजनावर. तोच घेतोय. चेअरमन म्हणाले, ट्रक धड असते तर त्याने तरी ट्रक म्हणून घेतले असते. आता लोखंड म्हणून घेतोय.”

“लिंबाजी.”

“लिंबानी,” तो म्हणाला.

बेंचवर शेवटचा पंप अजून फिरत होता. खंडेरावने तो बंद केला. डिझेल नळ्यांतून खाली उतरत गेलं आणि कारखान्याच्या त्या कोपऱ्यात एकदम शांत झालं.

“जायच्या आधी घरी ये. द्वारकाने विचारलंय.”

“भाभींना सांगा, मला वेळ नाही.” मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसं एखादा नट कुठल्या मापाचा हे विचारावं तसं, “उस्ताद, एक सांगा. फौजेत सही झालेला माल आलाच नाही, असं तुमच्या नोकरीत कधी झालं का?”

खंडेरावला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” तो म्हणाला.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

लिंबानीने मान हलवली, पहिल्या दिवशी पंप ऐकून हलवली होती तशीच. “मग तुमची चूक नाही. तुम्ही श्रीमंत देशातले आहात. तुम्हाला कसं कळणार?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माणच्या कोरड्या रानात वाढलेल्या, पहिला बूट फौजेत पाहिलेल्या त्या माणसाला आयुष्यात कुणी श्रीमंत म्हटलं नव्हतं. त्याला काही बोलायचं होतं. आपल्या गावच्या विहिरीचं सांगायचं होतं, आईच्या फाटक्या लुगड्याचं सांगायचं होतं. पण समोर लिंबानी होता, करोल बागेतून आणलेल्या चपला घातलेला, त्याच्या खिशात आता दुसऱ्याने काढलेलं तिकीट होतं, आणि विहिरीची गोष्ट तिथं सांगण्यासारखी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बंदरासाठीचा माल दिल्लीच्या रेल्वे डेपोत नेणारा ट्रक आवारात आला. पेटी चढली. लिंबानी ड्रायव्हरच्या बाजूला बसला. विमानतळाच्या रस्त्यापर्यंत तो याच गाडीने जाणार होता. गेटाजवळ जागा अरुंद होती, मागे कंपनीची बस लागली होती, आणि ड्रायव्हरला आरशात काही दिसत नव्हतं. त्याने हॉर्न वाजवला, कुणीतरी या म्हणून.

खंडेराव पुढे गेला. ट्रकच्या मागे उभा राहिला, एक हात वर केला.

“आने दो,” तो म्हणाला. “आने दो, आने दो. थोडा डावीकडे. बस.”

ट्रक सरळ झाला, गेटातून निघाला आणि हायवेच्या गर्दीत शिरला. खंडेरावने ऐकलं. त्या ट्रकच्या पंपाचा आवाज चांगला होता.